नऊ दिवस आणि एक पायरी

“कुजकी पायरी त्यानं गाळली,” आर्विद म्हणाला. “आता तुम्हीच सांगा, दारी पहिल्यांदा आलेला माणूस पायरी गाळतो का?”

लोरेनबाईंच्या बैठकीत सहाजण कॉफीचे कप धरून बसले होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी हँकॉक गावातली ही पुस्तकवेडी मंडळी इथे जमत. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, तर आर्विद कोस्किनेन टपालातून. एकतीस वर्षं त्यानं खांद्याला पिशवी अडकवून या गावच्या चढांवर घरोघर टपाल वाटलं होतं. आज बाईंनी त्याला खास बोलायला उभं केलं होतं. म्हणून त्यानं सदऱ्याला इस्त्री केली होती आणि पहाटे उठून वेलदोड्याचा पाव भाजून आणला होता.

चार वर्षं मंडळी एकाच कोड्यावर भांडत होती. ‘सात खिंडींचं राज्य’ ही अजगरांची, मंतरलेल्या तलवारींची जाडजूड कादंबरी. तीत ओडरिन नावाचा एक जासूद आहे. रणात पडलेल्या पोराचं शेवटचं पत्र घेऊन तो किल्ल्यावरून निघतो. पोराच्या आईचं गाव दोन दिवसांच्या वाटेवर, आणि हा पोचतो अकराव्या दिवशी. मधले नऊ दिवस तो कुठे होता, ते लेखिकेनं कुठेच सांगितलेलं नाही.

“फितूर होता साला,” हार्डवेअरचं दुकान चालवणारा गॉर्डी म्हणाला. “शत्रूच्या छावणीत नऊ दिवस मटण झोडलं त्यानं.”

“छावणीत कशाला जाईल? पान एकशेबारा काढ. तिसरी पायरी कुजलीय, असं म्हातारी शेजारणीला बजावते. तरी शेजारणीचा पाय तिच्यावर पडतोच. आणि हा परका, दाट धुक्यात, खाली न बघता ती ओलांडतो.” आर्विदनं हातातल्या टिपणाच्या कागदावरचं बोट उचललं. “बाई, तुमच्या ओसरीच्या पायऱ्यांचीच गोष्ट घ्या. वरून दुसरी फळी सैल आहे. मी कधी पाय देतो तिच्यावर?”

“मी दरवेळी देतो!” गॉर्डी म्हणाला, आणि सगळे हसले.

“तू महिन्यातून एकदा येतोस. मी रोज येत होतो. पायाला सवय रोजच्या येण्यानंच लागते रे. ओडरिन दुसऱ्याच दिवशी पोचला होता. रोज दाराशी यायचा, हात वर करायचा, नि वाजवायचा नाही. परत फिरायचा.”

चालणाऱ्याला वाट कळते, पण उंबरा थांबणाऱ्यालाच कळतो. आर्विदला तो कळला होता हिल्मा सारीच्या दारात. तिचा मुलगा नील दूरच्या लढाईत मारला गेला. गणवेशातले दोन अधिकारी येऊन सांगून गेले, आणि चार दिवसांनी नीलच्या हातचं पत्र आर्विदच्या पिशवीत पडलं. तो रोज तिच्या ओसरीवर चढला. विजेचं बिल दिलं, बियाण्यांची जाहिरात दिली, पत्र मात्र देववेना. पाय जात होते, हात धजत नव्हता. नवव्या दिवशी त्यानं ते दिलं. हिल्मानं पाकिटावर गावच्या टपालाच्या शिक्क्याची तारीख बघितली, दिवस मोजले आणि दार लावून घेतलं. गाव त्याला पत्रचोर म्हणू लागलं. त्यानं कधी कुणाला काही सांगितलं नाही.

आज सांगणार होता. हातातल्या पाच कागदांपैकी शेवटच्यावर तेवढंच होतं. ओडरिनचे नऊ दिवस या माणसांना पटले असते, तर स्वतःचे नऊ दिवस तो त्यांच्यापुढे ठेवणार होता. त्याचं अक्षर थरथरायचं, म्हणून शेजारच्या, याच मंडळीतल्या इनेझनं कागद टंकून दिले होते. तो शेवटचा कागद तिच्याशिवाय कुणी पाहिला नव्हता.

“छान बोललास हो, आर्विद,” लोरेनबाई म्हणाल्या. शाळेत गुण देताना म्हणत, तशाच. “आता आमच्याकडून भेट.”

त्यांनी कोरं करकरीत पुस्तक त्याच्यापुढे धरलं. तीच कादंबरी, सुधारलेली आवृत्ती. खुणेची फीत आधीच घातलेली.

“वाच ना टपालराव, मोठ्यानं वाच,” गॉर्डी म्हणाला.

आर्विदनं चष्मा लावला. “‘तिसऱ्या दिवशी सकाळी ओडरिन म्हातारीच्या दारी पोचला. कुजकी पायरी... पायाखाली मोडली, आणि तो अडखळला.’”

त्यानं पुन्हा वाचलं, मनातल्या मनात. नऊ दिवस नव्हतेच.

“मीच कळवलं लेखिकेला,” बाई म्हणाल्या. “दिवस जुळत नाहीत, आणि ती पायरीही. पायरी तूच दाखवली होतीस की मला. तिनं लगेच उलटटपाली लिहिलं, अगबाई, माझ्या ध्यानातच नव्हतं! पुस्तकात शेवटी आभारसुद्धा मानलेत माझे.”

“पुस्तक कधी आलं?”

“नाताळाच्या आधी.”

खिडकीबाहेर मार्चचा मळका बर्फ वितळत होता.

“मग आज मला कशाला उभं केलंत?”

“अरे, तू इतका मन लावून तयारी करत होतास! तुझं मन मोडवेना आम्हाला.” बाईंचे ओठ दाबलेले होते. कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळेच सुटले. इनेझनं तोंडाला रुमाल लावला. तिचे खांदे हलत होते.

“शेवटचा कागद राहिला की!” गॉर्डी डोळे पुसत म्हणाला. “तो वाच. खरी गंमत त्यात आहे म्हणाली इनेझ. सारीबाईची.”

आर्विदनं इनेझकडे पाहिलं. ती पावाच्या तुकड्याला लोणी लावू लागली.

त्यानं तो कागद मधोमध दुमडला, पुन्हा दुमडला, आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

“त्याच्यावर तुमचा पत्ता नाही,” तो म्हणाला.

नवं पुस्तक टेबलावर राहिलं. पावाचं ताटही राहिलं, अर्धं रिकामं. तो ओसरीवर आला. बिनकामाचे पाय सवयीनं उतरू लागले. पहिली फळी, मग उजवा पाय आपोआप दुसरीवरून पुढे निघाला.

आर्विद थांबला. पाय मागे घेतला. मग, या घरी पहिल्यांदाच आलेला कुणी देईल तसा, तो पाय त्यानं सैल फळीवर पुरता टेकला. फळी करकरली.

फाटकाची कडी लावून घेऊन तो चढाला लागला.