बुडीत यादीत नसलेली एकोणीस घरं

नकाशा कचेरीत त्याला सगळे पट्टीकाका म्हणत. खिशात कायम स्टीलची पट्टी असे म्हणून, आणि माणूसही तसाच, वाकायचं नाव नाही म्हणून. एकदाच वाकला, आणि तो असा वाकला की विचारू नका.

सहा वर्षांपूर्वी धरण मंजूर झालं, तेव्हा मोठ्या साहेबांना अख्ख्या खोऱ्याचा भिंतभर नकाशा हवा होता. खोरं नेमकं दोन पट्ट्यांच्या शिवेवर पसरलेलं. पृथ्वी गोल आणि कागद सपाट, हे जुनंच भांडण आहे. टोपीला इस्त्री करायला घ्या, एक तर चुण्या पडतील, नाहीतर ती उसवावी लागेल. नकाशेवाले उसवतात. जगाचे उभे पट्टे पाडतात आणि एकेक पट्टा वेगळा सपाट करतात. आपापल्या पट्ट्यात सगळं झकास बसतं, पण शेजारचे दोन पट्टे चिकटवायला गेलं की खाली जुळतात आणि वर फट पडते. पट्टीकाकाच्या नकाशात ती दोन बोटं पडली.

"हे पांढरं काय?" साहेबांनी विचारलं. "लोक म्हणतील, इथली जमीन कुणी खाल्ली?"

"साहेब, तिथे जमीन नाहीच. प्रत्यक्षात दोन्ही बाजू एकमेकींना टेकलेल्या आहेत. हा नुसता प्रक्षेपणाचा दोष."

"टेकलेल्या आहेत ना? मग टेकवा."

त्याने टेकवल्या. वरची फट मिटवायला उजवा कागद डावीकडे सरकवला, तसा खाली तो डाव्या कागदावर चढला आणि दोन बोटं जमीन त्याच्याखाली गेली. त्या दोन बोटांत त्याच्या थोरल्या बहिणीच्या सासरची वस्ती होती. एकोणीस घरं, एक विहीर. त्याने ते पाहिलं. पाहिलं आणि वर गंमतही वाटली, की ताईला सांगितलं तर ती लाटणं घेऊन धावेल. मूळ शीटा कपाटात होत्याच. भिंतीवरच्या शोभेच्या नकाशावरून कोण काम करतंय, असं म्हणून त्याने गोंद लावला.

पुढे कचेरीत कॉम्प्युटर आले. सगळ्या शीटा एकेक करून चढवायचा कंटाळा, आणि जोडलेला नकाशा आयता भिंतीवर. तोच स्कॅन झाला. धरणवाल्यांनी त्याच्यावरच पाण्याची रेषा काढली आणि रेषेच्या आतल्या गावांची यादी केली. पट्टीकाकाच्या मनात एकदा आलं होतं, विचारावं, कुठला नकाशा घेतलात? पण त्या आठवड्यात काम फार होतं. असली कारणं माणसाला कधी कमी पडत नाहीत.

मग एका सकाळी ताईच कचेरीत आली.

"धाकट्या, शेजारच्या चारी गावांना नवी जमीन मिळाली. लोक घरं बांधायला लागले. आमच्याकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही. धरणाच्या कचेरीत चौकशीला गेलो तर तिथला कारकून म्हणतो, अशी वस्तीच नाही म्हणून. मग मी काय आभाळातून आले का रे?"

तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवून पट्टीकाकाने कपाटातली जुनी शीट काढली आणि धरणाच्या पुनर्वसन अधिकाऱ्याकडे गेला. अधिकारी भला माणूस होता. त्याने शीट नीट पाहिली, भिंग लावून घरंही मोजली.

"चूक आहे खरी," तो म्हणाला. "पण हरकतीला नव्वद दिवस होते. ते कधीच संपले. यादी कायम झाली, जमीन वाटून संपली."

"साहेब, वस्तीवर नोटीसच लागली नाही. हरकत कशी घेणार?"

"नोटीस यादीतल्या गावांत लागते. ही वस्ती यादीत नव्हती."

"नव्हती, हीच तर हरकत आहे!"

"ती नव्वद दिवसांत घ्यायची होती."

पट्टीकाका पुन्हा तेच बोलला, अधिकाऱ्यानेही पुन्हा तेच उत्तर दिलं. निघताना अधिकाऱ्याने हळूच विचारलं, "जोडकाम कुणाचं होतं हो?"

"माझं," पट्टीकाका म्हणाला.

अधिकाऱ्याने शीटची घडी करून त्याच्या हातात दिली.

ताई बाकावर तशीच बसून होती. त्याने तिला सगळं सांगितलं. फट, गोंद, साहेब, आणि आपल्याला हसू आलं होतं तेही. काही लपवलं नाही. तिने शिव्या द्याव्यात, कानाखाली वाजवावी, असं त्याला फार वाटत होतं. तिने फक्त पदराने तोंड पुसलं.

"शेजारच्या गावांनी जमिनीसाठी मोर्चा काढला ना," ती म्हणाली, "तेव्हा आमची माणसंही निघाली होती. मीच आडवी झाले. म्हटलं, कशाला उन्हात मरता? माझा भाऊ नकाशा कचेरीत आहे. एक वेळ देव विसरेल, तो आपल्याला विसरायचा नाही."

त्याला तिच्याकडे बघवेना.

"धरणाची दारं कधी बंद होणार?" तिने विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

"मग तू चल माझ्याबरोबर. हे मी एकटीने सांगणार नाही. माझी जीभ रेटायची नाही."

दोघं दुपारच्या बसने निघाले. तिकीट तिनेच काढलं, धाकट्याला काढू दिलं नाही. सांजेला वस्तीवर पोचले, तर विहिरीपाशी एकोणीस घरांतली माणसं जमलेली. ताई सकाळी भावाकडे गेली आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पट्टीकाकाला पाहताच एकाने घरातून खुर्ची आणली, खांद्यावरच्या पंच्याने झटकली आणि मधोमध ठेवली. बायकांनी पोरांना गप्प केलं.

ताईचा म्हातारा सासरा काठी टेकत पुढे आला आणि पट्टीकाकाचे दोन्ही हात हातात घेऊन लोकांकडे वळला.

"आला बघा," तो म्हणाला. "आता कुणी घोर करू नका."