ओल्या बोटाखालची 'मानो'

मित्रांनो, मी एक जुना स्पॅनिश शब्द आहे. माझे नाव 'मानो', म्हणजे हात. दोन हजार वर्षांपूर्वी लॅटिन भाषेत मी 'मानुस' होते. पुढे घर विभागले. इटलीतही मी 'मानो' झाले, फ्रान्समध्ये 'मँ' झाले, पोर्तुगालात तर नाकातच बोलू लागले. स्पॅनिशमध्ये शेवटी 'ओ' असलेले शब्द बहुतेक पुल्लिंगी असतात. मी मात्र स्त्रीलिंगीच राहिले. एक असेल तर 'ला मानो', अनेक असतील तर 'लास मानोस'. आणि तुमच्यासारखेच स्पॅनिश लोकही 'माझे हात धुतले' म्हणत नाहीत, नुसते 'हात धुतले' म्हणतात.

धुतले तर!

नाशिकच्या सिडकोत दीपक सरांच्या स्पॅनिशच्या शिकवणीत मी एका पुठ्ठ्याच्या कार्डावर राहत होते. सरांनी मला निळ्या शाईने लिहिले तेव्हा मी हरखून गेले होते. पण गठ्ठ्यातले कार्ड उचलण्याआधी सर बोट जिभेला लावत. सकाळची मिसळ, दुपारचा चहा, सगळे माझ्या अंगावर. सहा वर्षांत माझ्या कडा पिवळ्या आणि चिकट झाल्या. शेजारच्या कार्डापासून मला सोलून काढावे लागे. शी! स्वतःचाच वास मला सहन होत नव्हता.

सिन्नरहून एसटीने येणारी चैताली नववीत होती. मला ती कधीच पुल्लिंगी करत नसे. पण धरायची ती दोन नखांच्या चिमटीत.

"पाल आहे का ती? नीट धर की," सर म्हणाले.

"सर, तिला शिसारी येते!" बंटी ओरडला. वर्ग हसला.

सुटताना चैताली मैत्रिणीला म्हणाली, "तेजल, मी सोडते शिकवणी. घरी गेल्यावर घास उतरत नाही मला."

"सरांना सांग ना."

"मोठ्या माणसाला कसं सांगू, थुंकी लावू नका म्हणून?"

मला ओळखणारी एकुलती एक मुलगी चालली होती.

दोन दिवसांनी ती आली आणि सरांपुढे एक डबी ठेवली. आत ओला स्पंज होता. "मामा पोस्टात आहे, त्याच्याकडून आणली. तिथे बोट ह्याने ओलं करतात, सर."

"माझी थुंकी घाण वाटते तुला?"



"हो सर," चैताली म्हणाली. "म्हणून मी सोडणार होते."

सरांनी स्पंजावर बोट दाबले आणि सवयीने ते थेट जिभेला लावले! पोस्टातले शिळे, डिंकाळलेले पाणी ते. सरांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

"सर, कसं लागतंय?" बंटीने विचारलेच.

सर बोटाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "सहा वर्षं मी तुमच्या हातात हे देत होतो?" ते हळूच म्हणाले. "चैताली, टाक तो गठ्ठा केरात. नवी कार्डं तू लिही. आधी सगळे हात धुवा. मी पहिला."

मी केराच्या टोपलीत पडले. मित्रांनो, मला मुळीच वाईट वाटले नाही. पुठ्ठा गेला, शब्द कुठे जातो? त्याच संध्याकाळी चैतालीने मला पांढऱ्याशुभ्र कार्डावर लिहिले आणि पूर्ण तळहातावर धरले.

पान कोरड्या बोटानेही उलटते. एकदा करून तर पाहा.