पातळीखालचा आवाज

घरी बसून दुभाष्याचे काम करणाऱ्याला दोन्ही कान कामाला द्यावे लागतात. ताईची अडचण अशी, की एक कान आईला हवा होता. पक्षाघातानंतर आई पलीकडच्या खोलीत पडून होती. तिच्या उशाशी मायक्रोफोन होता आणि त्याचे आवाज देणारे यंत्र ताईच्या टेबलावर. ताईने त्या यंत्राची आणि संगणकाची वायर एकत्र पिळून एकाच हेडफोनला जोडली. दोन्ही आवाज क्षीण झाले.

"अगं ताई, दोन नळ तोंडाला तोंड लावून सोडलेस तर पाणी एकमेकांतच घुसणार ना!" धाकटा भाऊ फोनवर हसला. "थांब, मीच येतो."

तो ध्वनि-अभियंता होता. त्याने स्वतः जुळवलेली डबी आणली: दोन वायरी आत, एक बाहेर, आवाज एकमेकांत घुसू नयेत म्हणून दोन्ही वाटांवर स्वतंत्र रोधक. शिवाय एक सोय. आईच्या खोलीतून येणारा, ठरावीक पातळीखालचा आवाज हा गोंगाट समजून डबी गाळून टाकत असे.

"नाहीतर दिवसभर पंख्याची घरघर ऐकत बसशील."

पातळी ठरवण्यासाठी तो आईच्या खोलीत गेला आणि मायक्रोफोनपुढे उभा राहून खणखणीत ओरडला, "ताई!"

"आलं! अगदी स्वच्छ!"

आई पलंगावरून पाहत होती. तिला कोणी हाक मारायला सांगितले नाही.

त्यानंतर घरात शांतता नांदू लागली.

"आई हल्ली अजिबात त्रास देत नाही," ताईने कळवले.

"डबीचा गुण," भाऊ म्हणाला.

एका दुपारी ताई एका रुग्णाचे दुखणे डॉक्टरांना समजावून सांगत असताना हेडफोनमध्ये धप्प असा आवाज आला. तो पातळीच्या वर होता, म्हणून डबीने तो बिनतक्रार पोहोचवला. आई पाण्याच्या भांड्यापर्यंत स्वतः जायला निघाली होती. मनगट मोडले.

भावाने येऊन मोजमाप केले. आईचा आवाज पंख्याच्या घरघरीपेक्षा जेमतेम वर होता, आणि डबीच्या पातळीच्या पुष्कळ खाली.

"डबीत बिघाड नाही. जे सांगितलं तेच तिने केलं."

"आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! हाक मारायची होती आईने, आणि मोजलास तू स्वतःचा घसा."

"आणि 'स्वच्छ' कोण म्हणालं? ती गप्प झाली तेव्हा उठून बघायचं तरी होतंस."

भावाने डबीतली गाळणी काढून टाकली आणि पलंगाशी वाकला. "आई, आता मार बघू हाक."

आईने प्लास्टरमधला हात पोटावर ओढून घेतला. शब्द अडखळत आले. "मारत होते रे. कोणी येईना, मग सोडून दिलं."

आता ताईच्या हेडफोनमध्ये कामाच्या बोलण्याखाली ती सगळी खोली ऐकू येते: पंखा, कूस बदलताना करकरणारा पलंग, अडखळता श्वास. पलंग करकरला की ती बोलणे अर्धवट टाकून धावते. हाक मात्र त्यात कधीच नसते.