गाणारी बाई मधोमध

"एवढा मोठा डबा, अन् फिरवायले एक बटन नाही?" हंसाबाई नव्या अँप्लिफायरभोवती चक्कर मारत म्हणाल्या. "तुमाले फसवलं कोनीतरी."

सेवादासभाऊ गुडघ्यांवर बसून डब्याच्या मागे वायरी आवळत होते. "अवं, हा पावर अँप हाय. आवाज कमी-जास्त कराले तो बाजूचा लहान डबा. तो नुसतं सांगते, अन् हा ताकद लावते."

"म्हंजे एक बसून हुकूम सोडते अन् दुसरा राबते?"

"तसंच."

"मंग समजलं," हंसाबाई म्हणाल्या. "मोठा डबा मी."

यवतमाळच्या आर्णी रोडवर 'राठोड साउंड सर्व्हिस' कोणाला माहीत नाही? लग्न, जयंती, प्रचारसभा, काहीही असो, भाऊंचे भोंगे जिथे लागले नाहीत असं गाव शोधायला जिल्हा पालथा घालावा लागेल. वणीत कोणी भाषण केलं तर मारेगावची म्हैस बुजली पाहिजे, अशी त्यांची चांगल्या आवाजाची कल्पना होती. जन्मभर भोंग्यांच्या कुशीत उभं राहून त्यांचा डावा कान मंदावला होता. "थोडं कमी येते," एवढंच ते कबूल करायचे आणि बोलणाऱ्याकडे उजवा कान करायचे. हंसाबाई मात्र त्यांच्या कोणत्याही कार्यक्रमात मांडवाच्या पार टोकाला बसायच्या.

गेल्या वर्षी भाऊंनी सगळा पसारा विक्की नावाच्या एका होतकरू पोराला विकला आणि आता सगळ्यांचे सल्ले बाजूला सारून घरी ऐकायला हा अँप आणि दोन उंच स्पीकर आणले. त्याला कारण होतं नागपूरच्या दुकानदाराचं एक वाक्य. दुकानातल्या कलकलाटात ऐकणं काही धड झालं नव्हतं, पण तो म्हणाला होता, "काका, नीट लावलं ना, तर गाणारी बाई दोन स्पीकरच्या मधोमध उभी राहते. तिथं काही नसते, तरी राहते." भाऊंनी आयुष्यभर आवाज चारी दिशांना फेकला होता. तो एका जागी आणून उभा करता येतो, हे त्यांना नवंच होतं, आणि ती बाई बघितल्याशिवाय आता त्यांना चैन पडणार नव्हतं.

मांडवाच्या सुतळीने त्यांनी अंतर मोजलं. दोन स्पीकर आणि समोर खुर्ची, तिन्ही एकमेकांपासून सारख्याच अंतरावर. बटण दाबलं, दिवा लागला, आणि पुढे काहीच नाही. गुणगुण नाही, खरखर नाही. मांडवात जो अँप गुणगुणत नाही तो मेलेला समजायचा, म्हणून भाऊ घाबरले. त्यांनी वर हात ठेवून पाहिला, तर डबा हळूहळू कोमट होत होता. म्हणजे जिवंत होता, फक्त गप्प बसणं त्याला येत होतं. असलं मशीन भाऊंनी कधी पाहिलं नव्हतं आणि त्यांना ते फार आवडलं.

त्यांनी ठुमरी लावली. तबल्यावर बोट पडलं आणि भाऊंच्या अंगावर काटा आला. इतका स्वच्छ आवाज! बाई गाऊ लागली. पण ती मधोमध नव्हती. उजवीकडे, स्पीकरला चिकटून उभी होती.

भाऊ उठले. डाव्या स्पीकरला कान लावला, तर तोही वाजत होता. मग अँप बंद करून त्यांनी साउंडवाल्यांची जुनी युक्ती केली. डावीकडची वायर उजवीकडे लावली, उजवीकडची डावीकडे. खोट मशिनीत असली की ती बाजू बदलते. पुन्हा बसले. बाई उजवीकडेच होती.

खोट जागची हलली नव्हती. भाऊंनी डाव्या कानात बोट घातलं. काही फरक पडला नाही.

त्यांना फार वाईट वाटलं. मशीन बरोबर होतं, मोजमाप बरोबर होतं, फक्त ते ऐकणारा अर्धा होता. त्यांनी वायरी पुन्हा जागच्या जागी लावल्या, पण गाणं परत लावलं नाही.

"काय झालं?" हंसाबाई चहा घेऊन आल्या होत्या. "बिघडला का?"

"नाही. तू बस बरं इथं, खुर्चीत."

"मले भाकरी टाकाच्या हायेत."

"गानं होईस्तोवर बस."

कप भाऊंच्या हातात देऊन हंसाबाई बसल्या. ठुमरी सुरू झाली. भाऊ स्पीकरकडे नाही, बायकोच्या तोंडाकडे बघत होते. हंसाबाईंनी समोर पाहिलं, आणि डोक्यावर पदर घेतला.

"पदर काहून घेतला?" भाऊंनी विचारलं.

"समोर मानसं बसली हायेत ना."

"कोन मानसं?"

"ते बाई. अन् तिच्या बाजूले तबलेवाला." हंसाबाईंनी दोन स्पीकरच्या मधल्या कोऱ्या भिंतीकडे बोट केलं.

"मधोमध हाय? नीट पाय."

"नीटच पाहून राह्यली. अगदी मधात हाय." मग त्या एकदम थांबल्या. "बांगड्या वाजल्या तिच्या."

भाऊंच्या आनंदाला पारावार उरला नाही. कप हातात घेऊनच ते उठले आणि उजवा स्पीकर जरासा आत सरकवला. "आता?"

"आता सरकली. कायले हलवता? चांगली बसली होती बिचारी."

भाऊंनी निमूटपणे स्पीकर जागेवर ठेवला. मग ते खुर्चीच्या डाव्या अंगाला, खाली जमिनीवर येऊन बसले. उजवा कान आता हंसाबाईंकडे होता. हंसाबाई भाकरी विसरल्या. त्या सांगत गेल्या आणि भाऊ ऐकत गेले. आता तिनं श्वास घेतला. आता तबलेवाल्याकडे पाहून हसली वाटते. ती हसली म्हणून भाऊही हसले.

"आता काय करून राह्यली?"

"हळू बोला," हंसाबाई म्हणाल्या. "तिनं डोळे मिटले."

भाऊंनी मान डोलावली आणि हातातला कप जराही आवाज न करता फरशीवर ठेवला.