डबा रिकामा परत द्यायचा नसतो

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मित्रांनो, एवढं ऐकून लगेच 'बिचारा' म्हणू नका. जुन्या छत्र्या आणि गंजक्या सायकली आपली कहाणी डोळे पुसत सांगतात, तसला मी नाही. मी डूख धरणारा डबा आहे. माझ्या मनातला राग मी वर्षभर झाकण लावून ठेवला आणि वेळ आल्यावर पुरेपूर वसूल केला. तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म कारखान्यातला. एका दणक्यात बूड, दुसऱ्या दणक्यात झाकण, झाकणावर तळ्यातली दोन बदकं. पोटात बिस्किटं भरून मला दुकानात ठेवलं. बिस्किटं संपली की लोक डबा भंगारात देतात, पण मला घेणारी बाई शिवणकाम करणारी होती. तिच्या घरातून चिंधीसुद्धा बाहेर जात नसे, मग डबा कसा जाईल? दोन खोल्या, शिवणाचं मशीन, नवरा आणि एकुलती एक मुलगी. मुलीला सगळे धाकटी म्हणत. मग थोरली कोण, असं कोणी विचारलं की आई मशीनकडे बोट दाखवायची.

ही धाकटी लहानपणी फळीवरची साखर काढायला मला उलटा ठेवून माझ्या बुडावर चढली आणि मला भला मोठा पोचा पडला. त्या दिवशी मी तिच्यावर फार रागावलो, खोटं कशाला बोलू? पण त्या पोच्यानं मला वाचा दिली. आईनं मला शेगडीजवळच्या फळीवर ठेवलं होतं. ऊब लागली की माझा पोचा फुगून बाहेर येई आणि मोठ्यानं 'टॉक' असा आवाज होई. बाबा म्हणत, "ऐका, डबा बोलला. त्याला काहीतरी हवंय." मग धाकटी हातातलं टाकून धावत येई आणि मला कान लावून बसे. असं कोणी ऐकून घेतलं की राग किती दिवस टिकणार?

पुढे बाबा गेले. धाकटी मोठी झाली आणि तिनं दूर डोंगरातल्या मिशनच्या दवाखान्यात सेवेला जायचं ठरवलं. आईला ते मुळीच पटलं नाही. परक्यांच्या जखमा बांधायला चाललीस, इथं माझ्या सुईत दोरा कोण ओवणार, असं ती बोलून गेली. धाकटीनं जाण्याआधी बसून पन्नास सुया ओवून ठेवल्या आणि निघून गेली. मायलेकी एकाच माळेचे मणी. रागावल्या की दोघी वाट बघत बसायच्या, आपण होऊन कोणीच विचारायची नाही.

सणाची सुट्टी जवळ आली तसा आईचा राग ढिला पडला. तिनं मला फळीवरून काढलं. तिच्यापाशी पैसे नव्हते, पण हात होते. मेणबत्त्यांची थोटकं वितळवून तिनं एक जाड मेणबत्ती ओतली. जुन्या पडद्याची पिशवी शिवून तिच्यात सुई, दोरा आणि सुटी बटणं घातली. संत्र्याच्या साली वाळवून पुरचुंडी बांधली, कपड्यांत ठेवायला. जड ते खाली, मऊ ते वर, आणि फटीत लोकरीचे तुकडे. डबा खुळखुळला तर बांधणाऱ्यानं आळस केला, असं तिचं मत होतं. टपालाचा खर्च नको म्हणून दोन ओळींची चिठ्ठीही माझ्याच पोटात. मिशनची गाडी सामान न्यायला गावात येई, तिच्या चालकाच्या हाती तिनं मला दिलं.

डोंगरात धाकटीनं मला छातीशी धरलं. परतीच्या गाडीनं मी घरी आलो तो एक वाळलेलं फूल, नदीतला गोटा आणि दवाखान्यातल्या एका पोरानं काढलेलं बदकाचं चित्र घेऊन. आईचा नियमच होता, कोणाचा डबा रिकामा परत द्यायचा नाही. त्या सणाला आई शेजारपाजारी सगळ्यांना गोटा दाखवत फिरली.

पुढच्या वर्षी तिनं मन घट्ट करून बाबांचा तपकिरी स्वेटर उसवला. त्या लोकरीचे मोजे विणले. टाचेला लोकर कमी पडली, तिथं निळी लावली. विणताना ती दोनदा थांबली आणि मोजा गालाला लावून बसली. मी समोरच होतो, मी पाहिलं आहे.

मित्रांनो, आता माझ्या शत्रूची ओळख करून देतो. मिशनच्या कोठीवर त्या वर्षी एक नवा माणूस आला होता. मी त्याला गोडबोल्या म्हणतो. बोलणं असं की जिभेवर साखर, आणि हात असे की लोक ज्याला चोरी म्हणतात त्याला हा व्यवस्था म्हणे. त्यानं कोठीचं दार लावून माझं झाकण उघडलं, मोजे पायात चढवले, आईनं सोबत ठेवलेली मेणबत्ती खिशात टाकली आणि चिठ्ठी शेगडीत घातली. बाहेर जाऊन धाकटीला म्हणाला, "तुमचं काही आलं नाही, ताई. घरच्यांनाही त्यांची कामं असतात." मग मला पुसून, चकचकीत करून, रिकामा परत गाडीत ठेवला.

आईनं माझं झाकण उघडलं. आत पाहिलं. मला उलटा करून हलवलं, बुडावर टिचकी मारली. मग खाली बसली. "परक्याचा डबा धुवून द्यावा तसा दिलाय," ती म्हणाली. मला सगळं माहीत होतं आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. त्या वर्षात मी जेवढे गोडबोल्याला शाप दिले, तेवढे माझ्या अंगावर गंजाचे ठिपकेही नाहीत.

पुन्हा सण आला. आई मला भरत होती, पण शिंप्यानं गिऱ्हाइकाचं उरलेलं काम उरकावं तशी. झाकण लावताना म्हणाली, "एवढ्या खेपेला पाठवते. रिकामा आला तर संपलं."

गाडी पोचली तेव्हा मिशनचे सगळे लोक जेवणाच्या मोठ्या खोलीत प्रार्थनेला जमत होते. मला रिकामा करायला गोडबोल्याला सवड झाली नाही. त्यानं मला त्याच खोलीतल्या कपाटात ढकललं. कपाट शेगडीला लागून होतं. चोराची अक्कल बघा, डब्याला शेगडीपाशी ठेवतो.

प्रार्थना गोडबोल्याच सांगत होता. घरच्यांनी आठवण ठेवली नाही तरी वरचा ठेवतो, असं म्हणून त्यानं धाकटीकडे कनवाळू नजरेनं पाहिलं आणि सगळ्यांना मौन पाळायला सांगितलं. पत्रा तापला की फुगतो, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. पण त्या दिवशी मी नुसता फुगलो नाही. वर्षभराचा राग मी त्या पोच्यात एकवटला.

टॉक.

गोडबोल्या खोकला. धाकटीनं डोळे उघडले. मी पुन्हा जोर लावला. टॉक! ती भर मौनात उठली, कपाटापाशी गेली आणि दार उघडून तिनं मला बाहेर काढलं. गोडबोल्या म्हणाला की डबा आत्ताच आला, संध्याकाळी देणारच होतो. धाकटीचं लक्ष त्याच्या बोलण्याकडे नव्हतं, पायांकडे होतं. प्रार्थनेसाठी त्यानं बूट दाराशी काढले होते. तपकिरी मोजे, निळ्या टाचा.

"हा माझ्या बाबांचा स्वेटर आहे," ती म्हणाली.

मिशनच्या मोठ्या बाई पुढे आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, सणाचा दिवस आहे, क्षमा करावी.

"करीन," धाकटी म्हणाली. "मोजे निघाल्यावर."

तिनं माझ्यातलं सामान काढून घेतलं आणि मला त्याच्यापुढे धरलं. "आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. भरा."

त्यानं सगळ्यांसमोर मोजे काढले आणि माझ्यात ठेवले. त्या गार फरशीवर तो अनवाणी उभा होता आणि त्याच्या पायाची बोटं आखडत होती. मी ती एकेक करून पाहिली. मला दया आली का? नाही आली.

घरी आईनं ते मोजे पाहिले, धाकटीची चिठ्ठी वाचली, आणि रडता रडता हसली. मोजे तिनं तीनदा उकळून धुतले, उसवले आणि त्या लोकरीची धाकटीला टोपी विणली. पुढच्या सणाला मी पुन्हा डोंगरात निघालो. या वेळी आईनं वरती एक पुडी ठेवली होती, खास गोडबोल्यासाठी. जाड, उबदार, नवा कोरा मोजा होता तो. एकच.

सोबत चिठ्ठी होती: 'दुसरा पुढच्या सणाला. डबा भरून परत आला तर.'

तर मित्रांनो, कोणाचं माणूस घरापासून लांब सेवेला असेल तर त्याला काहीतरी पाठवा. थोटकं, बटणं, साली, काहीही चालतं. आणि ज्या डब्यातून ते येईल त्याला सांभाळा, पोचा आला म्हणून टाकून देऊ नका. आम्ही बोलत नाही असं वाटतं तुम्हाला. शेगडीजवळ ठेवून बघा.