कोर्रादोचे दाणे

मे महिन्याच्या एक तारखेला टेकडीवर जायचं आणि मेंढीच्या चीजबरोबर बाकल्याच्या कच्च्या शेंगा खायच्या, हे जेनोआत सगळेच करतात. निवेस आणि तिचे मित्र, म्हणजे तेक्ला, बाचिच्चा आणि कोर्रादो, मात्र खाण्याआधी त्या दाण्यांनी मतदान करत. लाझ्झारो पेदेमोंते हा त्यांच्याच वस्तीतला, स्वतःची गाणी स्वतः लिहून गाणारा. त्याच्या सगळ्या रेकॉर्डची पाकिटं गवतावर मांडायची. प्रत्येकाला सहा दाणे. आवडत्या रेकॉर्डवर तीन, दुसरीवर दोन, तिसरीवर एक. मग क्रमाने वाजवायच्या. जिच्यावर एकही दाणा नाही, ती न वाजता पिशवीत परत.

कोर्रादो जहाजांच्या इंजिनांच्या कामावर रॉटरडॅमला गेला, तेव्हा निवेसला म्हणाला होता, "माझे दाणे तू ठेवत जा. तुला ठाऊकच आहे."

तिला ठाऊक होतं. ‘उत्तरेची खिडकी’वर तीन. एका हिवाळ्यात त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात दोघांनी ती रेकॉर्ड झिजेस्तोवर ऐकली होती. एक बाजू संपली की कोर्रादो उठून ती उलटायचा, आणि परत बसताना दर वेळी जरासा जवळ बसायचा.

तिचे स्वतःचे तीन दाणे दर वर्षी ‘मीठ’वर पडत. दोघांचेही ‘खिडकी’वर पडले असते, तर चिडवणाऱ्या तेक्लाचं तोंड कोणी धरलं असतं?

यंदा कोर्रादो स्वतःच आला. अंगाने भरलेला, कानांवरचे केस पांढरे, पण शेंग दातांनी फोडायची सवय तीच.

"अरे, सालं तरी थुंक!" तेक्ला ओरडली. "तिकडे उपाशी ठेवतात का तुला?"

"बटाटे देतात," कोर्रादो म्हणाला. "सकाळी बटाटे, रात्री बटाटे."

"मग घे तुझे दाणे. निवेसची हमाली संपली एकदाची," बाचिच्चाने सहा दाणे त्याच्या तळहातावर मोजले.

निवेस चीज कापत होती. सुरी थांबली. तो पाकिटांवरून वाकला आणि त्याने तीन दाणे ‘मोटारींचं शहर’वर ठेवले. ती रेकॉर्ड तो गेल्यानंतरची. उरलेले तीन ‘मीठ’ आणि ‘कोरडा धक्का’ यांत वाटले.

"आणि खिडकी?" निवेसने विचारलं.

"ती होय? फारच रडकी आहे गं. आता ऐकवत नाही." मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं. "का? तू माझ्या नावाने तीच ठेवत होतीस? इतकी वर्षं?"

"हो."

"कमाल आहे बाई तुझी! मला एकदा विचारायचंस तरी."

तो मोकळेपणी हसला. त्याच्या हसण्यात काहीच दडलेलं नव्हतं, आणि तेच तिला सोसवेना.

तेक्लाने आणि बाचिच्चाने आपापले दाणे ठेवले. ‘उत्तरेची खिडकी’चं निळं पाकीट कोरंच राहिलं. बाचिच्चाने ते पिशवीत घालायला उचललं.

"थांब," निवेस म्हणाली. "माझं व्हायचंय."

"तुझं काय, ‘मीठ’च," तेक्ला म्हणाली.

निवेसने पाकीट त्याच्या हातून घेऊन पुन्हा गवतावर ठेवलं, आणि सगळेच्या सगळे सहा दाणे त्यावर ओतले.

"ए, हे नियमात नाही!"

"नसू दे."

तेक्लाने तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि चीजचा तुकडा तोंडात घातला.

‘खिडकी’ दुसरी आली. बाचिच्चाने बॅटरीवरच्या रेकॉर्डप्लेअरवर ती लावली. कोर्रादो रॉटरडॅममधल्या आपल्या बागेबद्दल, ट्यूलिपच्या कांद्यांबद्दल सांगत होता. गाण्यांवरून त्याचा आवाज चालूच राहिला. पहिली बाजू संपली. सुई नुसतीच खरखरत फिरू लागली. निवेस वाट पाहत राहिली. तो बोलतच होता.

मग ती उठली, रेकॉर्ड उलटली, आणि परत येऊन आपल्या जागी बसली.