कोरडा दिवस

आप्पासाहेब जिना चढून स्वतः दारात आले, तेव्हा आम्रपालीला मनापासून आनंद झाला. कर्वेनगरच्या त्या सोसायटीचे अध्यक्ष कधी कुणाच्या दारी जात नसत. लोकांनीच त्यांच्याकडे जायचं.

गेल्या पावसाळ्यात तीही गेली होती. रोगराई पसरवणाऱ्या डासांचा अभ्यास हा तिचा पेशा. आप्पासाहेबांनी वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेलं कारंजं उडायचं फक्त झेंडावंदनाला, एरवी पाणी नुसतं साचलेलं. त्यात तिला डेंग्यूच्या डासाच्या अळ्या दिसल्या. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा, पाणी काढा, कडा घासा, असं तिनं सांगितलं. कोरडा दिवस म्हटलं की आमच्या घशालाच कोरड पडते, असं म्हणून आप्पासाहेब हसले. मग सगळी कमिटी हसली.

तिचा धाकटा भाऊ प्रज्ञेश कॉल सेंटरमध्ये रात्रपाळीला होता. अमेरिका जागी तोवर जागायचं आणि पुण्यात उजाडलं की झोपायचं. हा डास नेमका दिवसा चावतो. पाऊस सरायच्या आत प्रज्ञेश डेंग्यूनं गेला. आता बुद्धमूर्तीशेजारी त्याचा फोटो होता, आणि विहारात लहानपणापासून शिकलेली क्षमा आम्रपालीला काही केल्या सापडत नव्हती.

यंदा आप्पासाहेबांच्या मुलीला, अपेक्षाला, तसलीच रात्रपाळीची नोकरी लागली, तेव्हा कुठे महाशय ताळ्यावर आले. खुर्चीच्या कडेला टेकून त्यांनी सांगितलं, की कारंजं रिकामं करून खडखडीत वाळवलंय, तेव्हा आता पुन्हा पाणी सोडायला आपली हरकत नसावी.

आम्रपाली उठून खिडकीशी गेली. या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात, वाळली तरी महिनोन्महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात, हे तिला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. विष कालवायला नको, काही नको. नुसतं ‘सोडा’ म्हणायचं. जे माझ्या घरात झालं ते यांच्याही घरात होऊ दे, असं तिला अगदी स्वच्छ वाटलं. शब्द ओठांवर आला.

खाली कॅब थांबली. अपेक्षा उतरली, गळ्यात ओळखपत्र, डोळे तारवटलेले. वर बघून ती म्हणाली, “गुड नाइट, ताई.”

भर सकाळी प्रज्ञेशही घरात शिरताना हेच म्हणायचा.

आम्रपालीनं ओठांवरचा शब्द गिळला आणि वळून म्हणाली, “नुसतं वाळवून भागत नाही. अंडी कडेला चिकटलेली आहेत. दर आठवड्याला घासावं लागेल.”

“सफाईवाल्याला सांगतो. ते काही आपलं काम नव्हे.”

“तो एखादा आठवडा चुकवेल. तुम्ही नाही चुकवणार. मुलगी तुमची आहे.”

आप्पासाहेबांचा चेहरा उतरला. “हे घासायचं तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“सांगितलं होतं. तुम्ही हसत होतात.”

आता दर गुरुवारी सकाळी, साऱ्या सोसायटीदेखत, अध्यक्षमहाशय पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून वडिलांच्या नावाच्या कारंज्यात ओणवे होतात आणि काथ्यानं कडा घासतात. आम्रपाली चहा घेऊन खिडकीत उभी असते. एखादा कोपरा राहिलाच, तर वरून आदरानं दाखवून देते.

सूड घेऊन समाधान मिळत नाही म्हणतात. तिला मिळतं. चहा संपेपर्यंत टिकतं.